फोनवर बोलताना काढलेल्या खुर्च्या

पत्र एका इलस्ट्रेटर मुलीचं आहे, नाव देऊ नका म्हणालीये म्हणून देत नाही. थोडं छोटं करून टाकते:

"ताई, सहा वर्षं झाली फुलटाइम इलस्ट्रेशन करतेय. मुलांची पुस्तकं, मासिकांतली चित्रं, कधी पॅकेजिंग, जे येईल ते. कामाची तक्रार नाहीये. पण गेल्या वर्षभरात स्वतःसाठी एकही चित्र काढलेलं नाही. छान नवीन स्केचबुक आणलं, पहिलं पान उघडते आणि मिटून ठेवते. दिवसभर चित्रच काढत असते आणि रात्री वाटतं की आज काही काढलंच नाही. करेक्शन तर संपतच नाहीत, एका कव्हरला अकरा वेळा बदल झाले. मनगटही दुखायला लागलंय. हल्ली वाटतं सरळ नोकरी बघावी आणि चित्र हौस म्हणून ठेवावं, निदान आवड तरी शिल्लक राहील. हां, फोनवर बोलताना हातात पेन असेल तर खुर्च्या काढत बसते, नुसत्या रिकाम्या खुर्च्या, पण ते काय धरायचं. माझ्यातलं चित्र संपलंय का?"

अगं नाही संपलेलं. तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये, पुरावा तुझ्याच पत्रात आहे आणि तो तू "ते काय धरायचं" म्हणून बाजूला सारलायस. त्यावर येतेच मी, पण आधी तुझा रोजचा दिवस बघू, कारण खरी गडबड तिथे आहे असं मला वाटतं.

तू म्हणतेस दिवसभर चित्रच काढत असते. माझी पण एकदा अशीच अवस्था झाली होती, तेव्हा मी एक आठवडाभर वहीत लिहून ठेवलं होतं की कुठल्या तासाला हात नेमकं काय करत होता. आठवडा संपल्यावर बेरीज केली तर काय काढायचं, कसं काढायचं हे ठरवण्यात सगळे मिळून जेमतेम चार तास गेले होते. बाकीचा सगळा वेळ आधी ठरलेलं पुरं करण्यात, म्हणजे लाइन साफ करणं, फ्लॅट म्हणजे छटा नसलेले सपाट रंग भरणं, झाडाचं एकेक पान रंगवत बसणं, लेयर लावणं, फाइल एक्सपोर्ट, मेल, इन्व्हॉइस, आणि मग करेक्शन. आपण या सगळ्याला मिळून "चित्र काढणं" म्हणतो पण ही दोन वेगळी कामं आहेत गं, एक शोधायचं आणि एक तडीस न्यायचं. दोन्हीला हात तोच आणि पेन तेच, त्यामुळे लक्षात येत नाही. तडीस न्यायच्या कामाने तू थकून जातेस आणि शोधायची भूक तशीच राहते, म्हणून रात्री वाटतं की आज काही काढलंच नाही, आणि ते वाटणं अगदी बरोबर आहे, तुझ्या आतलं कोणीतरी नीट हिशोब ठेवतंय.

आता एक विचारते, खरं सांग. हल्ली थंबनेल, म्हणजे मोठं चित्र सुरू करायच्या आधीची छोटी छोटी रफ चित्रं, करतेस का? माझा अंदाज आहे की नाही करत, किंवा दोन-तीन करून मोकळी होतेस. सहा वर्षांत हात इतका तयार झालेला असतो की ब्रीफ, म्हणजे क्लायंटने काय हवंय ते लिहून दिलेलं, वाचता वाचताच चित्र डोळ्यासमोर उभं राहतं आणि आपण थेट मोठ्या कॅनव्हासवर सुरू करतो, वेळ वाचतो, डेडलाइन तर डोक्यावर असतेच. पण जे असं चटकन उभं राहतं ते बहुतेक वेळा आपण आधी काढलेलंच असतं, आपलं जुनं उत्तर परत आलेलं असतं. म्हणजे दिवसाच्या कामात शोधायला जी एकच जागा होती ती पण गेली, आणि मग उरतं ते फक्त पुरं करणं, ते कोणालाही कोरडंच करेल.

तर पहिलं हे कर, क्लायंटच्याच कामात. प्रत्येक चित्राला किमान बारा थंबनेल, काडेपेटीएवढे चौकोन, कागदावर, टॅब्लेटवर नाही. छोटे का, तर त्या आकारात डोळे, बोटं, कपड्यांच्या चुण्या काढताच येत नाहीत, त्यामुळे हाताला मोठेच निर्णय घ्यावे लागतात की काळोख कुठे, उजेड कुठे, कोण कोणाकडे बघतंय, बघणाऱ्याची नजर आधी कुठे जाणार. तीनच टोन वापर, कागदाचा पांढरा, एक मधला करडा, एक काळा. मागे मला एका गोष्टीसाठी वाट बघणाऱ्या बाईचं चित्र करायचं होतं. पहिल्या चार चौकोनांत ती खिडकीत उभी, दर वेळी वेगळ्या बाजूने पण खिडकीतच, कारण वाट बघणारी बाई म्हटलं की हात आपोआप खिडकीच काढतो. सातव्यापर्यंत अगदी कंटाळा आला होता. नवव्यात मी बाईच काढली नाही, बंद दाराखालची उजेडाची फट काढली आणि त्या फटीत आतल्या बाजूला थांबलेल्या पावलांची सावली, बस. तेच छापलं गेलं. हे चित्र मला ब्रीफ वाचताना दिसलेलंच नव्हतं, ते आठव्या चौकोनापर्यंत कुठेच नव्हतं, आणि त्या दिवशी रात्री मला नाही वाटलं की आज काही काढलं नाही.

मुलांच्या पुस्तकांना तर हे फारच उपयोगी पडतं. बरीचशी चित्रपुस्तकं ३२ पानांची असतात कारण मोठा कागद छापून घड्या घातल्या की १६ पानांचा एक फॉर्म होतो, असे दोन फॉर्म. ती ३२ पानं एकाच कागदावर छोट्या चौकोनांत मांडलीस की लगेच दिसतं की सलग चार स्प्रेडमध्ये (समोरासमोरची दोन पानं म्हणजे एक स्प्रेड) आपण पात्राला एकाच अंतरावरून, एकाच उंचीवरून दाखवलंय, किंवा महत्त्वाचा चेहरा बरोब्बर मधल्या घडीत जातोय. मोठ्या कॅनव्हासवर एकेक पान रंगवताना हे कळत नाही, सगळं पुस्तक झाल्यावर कळतं.

आणि जे अकरा चौकोन वापरले जात नाहीत ते टाकून देऊ नकोस. बर्न करार १८८६ सालचा आहे, आज जगातले बहुतेक देश त्यात आहेत आणि त्याप्रमाणे चित्र काढलं की त्याचा हक्क चित्रकाराकडे आपोआप येतो, नोंदणी वगैरे करावी लागत नाही. करारात तू सगळं मिळून लिहून दिलं नसशील तर क्लायंटने न घेतलेली रफ चित्रं तुझीच राहतात, म्हणून सही करण्याआधी ते कलम नीट वाचत जा. माझ्याकडे अशा चौकोनांची एक फाइल आहे, स्वतःचं काही करायचं तर विषय सुचत नाही अशी वेळ त्यामुळे येत नाही.

आता स्केचबुकाकडे. तू स्वतःच लिहिलंयस, "छान नवीन स्केचबुक". तिथेच अडलंय सगळं. जाड कागद, सुंदर बांधणी, पहिलं कोरं पान, आणि डोक्यात इतरांच्या स्केचबुकांचे फोटो जिथे प्रत्येक पान म्हणजे तयार आर्टवर्क असतं. म्हणजे ते पान उघडताच तिथे पण कोणीतरी बघायला येऊन बसतं आणि परत तेच तडीस न्यायचं काम सुरू होतं, वर्षभर दमलेला हात त्याला नाही म्हणणारच ना. ठेव ते कपाटात, दे ठेवून. सुटे कागद घे, प्रिंट चुकलेल्या पानांच्या मागच्या बाजू चालतील, आणि साधं बॉलपेन घे जे तू कामाला वापरत नाहीस. स्टायलस, म्हणजे टॅब्लेटचं पेन, नको, कारण तो हातात आला की अनडू करायची सवय बरोबर येते आणि अनडू आलं की आपण रेष दुरुस्त करायला लागतो, बघणं राहून जातं. पेनाची चुकलेली रेष तिथेच राहते आणि तिच्याशेजारी दुसरी काढावी लागते, मग हात खऱ्या वस्तूकडे परत परत बघतो.

वेळ सकाळची, मेल उघडायच्या आधीची, पंधरा मिनिटं. हे मी फार आग्रहाने सांगतेय कारण रात्रीचा प्रयत्न मी कित्येक वर्षं केला आणि कधीच टिकला नाही. दिवसभर रंग कुठला, रेष किती जाड, हो म्हणू की नको म्हणू असे शेकडो बारीक निर्णय घेऊन झालेले असतात, रात्री डोक्यात निर्णय घ्यायची ताकदच उरत नाही आणि कोरा कागद म्हणजे नुसते निर्णयच. सकाळी पहिला मेल वाचला की दिवस क्लायंटचा होतो, त्याच्या आधी जे होईल ते तुझं.

आणि विषय एकच धर, रोज नवीन शोधू नकोस. जपानचा होकुसाई तुला माहीतच असेल, तोही आपल्यासारखाच कामाचा चित्रकार, आयुष्यभर प्रकाशकांसाठी पुस्तकांतली चित्रं आणि छापचित्रं करत आला. १८४२-४३ च्या सुमाराला, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, तो रोज सकाळी शाईने एक सिंह काढायचा, अरिष्ट टळावं म्हणून. विकायला नाही, छापायला नाही. त्यातले दोनशेच्या वर सिंह आज शिल्लक आहेत, कुठला नाचतोय, कुठला झोपलाय, पण सिंहच. मला यातलं सगळ्यात काय आवडतं सांगू, त्याला सकाळी उठून आज काय काढू असं विचारावं लागत नव्हतं. तेवढा एक निर्णय आधीच झालेला, मग सगळं लक्ष रेषेवर.

हे कागद कोणाला दाखवायचे नाहीत, निदान सहा महिने. पोस्ट नाही, पोर्टफोलिओ नाही, जवळच्या मैत्रिणीला पण नाही. दाखवायचं डोक्यात आलं की हात नीटनेटकं करायला लागतो. या कागदांवर जे काढशील ते कामात आपोआप उतरतं, त्यासाठी काही करावं लागत नाही. मी एके काळी महिनोन्महिने फक्त वस्तू धरलेले हात काढत होते, किल्ली, छत्री, सुई, काहीही, काही हेतू नव्हता. नंतर एका पुस्तकात आजीचं पात्र आलं आणि मला तिचा चेहरा काढायच्या आधी तिचे हात माहीत होते.

करेक्शनचं आता. अकरा बदल एका कव्हरला म्हणजे चित्रात दोष असेलच असं नाही, बहुतेक वेळा तीन माणसं वेगवेगळ्या वेळी बघतायत आणि प्रत्येकजण पहिल्यांदाच बघतोय असा तो प्रकार असतो. म्हणून काम घेतानाच विचार की शेवटचा हो कोणाचा, आणि त्या माणसाने रफ बघितल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. सुरुवातीच्या काळात मी एक कव्हर रफ न दाखवताच थेट फायनल करून दिलं होतं, रंगबिंग सगळं, पाच दिवस त्यावर घालवले होते, आणि ज्यांचा शब्द शेवटचा होता त्यांनी पहिल्यांदा बघून सांगितलं की पात्राचं तोंड दुसऱ्या बाजूला हवं. फ्लिप करून चाललं नसतं, टायटलची जागा, उजेडाची दिशा सगळंच बदलत होतं. खूप रडले होते तेव्हा. पण थंबनेलमध्ये तो बदल दोन मिनिटांचा होता. तेव्हापासून माझ्याकडे तीन टप्पे असतात, रफ, मग लाइन आणि फ्लॅट रंग, मग फायनल, आणि प्रत्येक टप्प्याला मेलवर लेखी हो आल्याशिवाय पुढचा सुरू नाही. प्रत्येक टप्प्यात दोन फेऱ्या ठरलेल्या पैशात, तिसरीचे वेगळे, आणि मागच्या टप्प्यावर परत जायचं असेल तर त्याचे पण वेगळे. हे कामाच्या पहिल्या मेलमध्येच लिहायचं, भांडण झाल्यावर लिहिलं तर ते भांडणच वाटतं.

आणि क्लायंट जे सांगतो ते उत्तर म्हणून घेऊ नकोस, लक्षण म्हणून घे. त्यांच्याकडे आपले शब्द नसतात. "रंग अजून पॉप पाहिजेत" म्हणाले की आपण सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, वाढवतो आणि चित्र आणखी बिघडतं. आधी चित्र पूर्ण करडं करून बघ, नव्वद टक्के वेळा, म्हणजे माझ्या अनुभवात, पात्र आणि पार्श्वभूमी एकाच करड्यात बुडालेली असतात, फरक उजेड-काळोखाचा हवा असतो, रंगाचा नाही. "काहीतरी खटकतंय पण सांगता येत नाही" असं आलं तर चित्र आडवं फ्लिप कर, तासन्‌तास बघून आपल्या डोळ्याला वाकडेपणाची सवय झालेली असते, उलटं केलं की तो एकदम दिसतो. "पात्र मोठं करा" म्हणाले तर मोठं करायच्या आधी विचार की तुमची नजर आधी कुठे जातेय, कदाचित मागची एखादी लाल वस्तूच नजर ओढून घेत असेल. आणि छपाईनंतर रंग मेले अशी तक्रार येत असेल तर फायनलच्या आधी एकदा सीएमवायके प्रूफवर, म्हणजे छपाईच्या चार शाईंत रंग कसे येतील ते दाखवणाऱ्या नमुन्यावर, रंगांना हो घे, स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा आणि निळा शाईत तसा येतच नाही, त्यात तुझी चूक नसते.

मनगट. बोटांना मुंग्या येत असतील, बधिर होत असतील किंवा रात्री दुखून जाग येत असेल तर हे वाचणं थांबव आणि डॉक्टरकडे जा, खरंच, डेडलाइन नंतर. नुसतं अवघडत असेल तर बघ की तू किती झूम करून काम करतेस. चारशे टक्क्यांवर काम केलं की सगळी हालचाल मनगटातून आणि बोटांतूनच होते, खांदा-कोपर बंद. आणि ती बारकाई कोणासाठी गं? ए-फोर चित्र ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल, त्यातली दोन पिक्सेलची रेष कागदावर ०.१७ मिलिमीटर येते. तिची कड साफ आहे की नाही हे वाचणाऱ्याला दिसत नाही. दर अर्ध्या तासाने खऱ्या आकारात चित्र बघ, पेन सैल धर, आणि सकाळची ती पंधरा मिनिटं उभ्याने, मोठ्या कागदावर, खांद्यातून हात फिरवून काढलीस तर मनगटालाही सुट्टी.

नोकरीबद्दल. नोकरी घेणं म्हणजे हरणं नाही, पैशाची ओढाताण असेल तर जरूर घे आणि मनात काही ठेवू नकोस, फक्त तिथे केलेल्या चित्रांचे हक्क बऱ्याच देशांत मालकाकडे जातात हे माहीत असू दे. पण तू कारण पैशाचं दिलेलं नाहीस, आवड शिल्लक राहावी हे दिलंयस, आणि त्याची खात्री मला वाटत नाही. नोकरीवरून आल्यावर तीच दमलेली संध्याकाळ आणि तेच कोरं सुंदर स्केचबुक समोर असणार. म्हणून तीन महिने थांब, बारा थंबनेल आणि सकाळची पंधरा मिनिटं एवढंच करून बघ, मग ठरव. तेव्हाही नोकरीच घ्यावी वाटली तर तो निर्णय दमलेल्या हाताचा नसेल.

आणि आता त्या खुर्च्या. बघ ना, लक्ष फोनवर आहे, कोणी ब्रीफ दिलेलं नाही, कोणी हो म्हणणार नाहीये, अशा वेळी वर्षभर काहीच न काढलेला तुझा हात आपणहून कागदावर जातो आणि फूल, चांदणी, चौकोन सोडून खुर्ची काढतो. खुर्ची सोपी नसते गं, चारही पाय एका जमिनीवर टेकवायचे म्हणजे पर्स्पेक्टिव्ह नीट लागतं, आणि रिकामी खुर्ची तर आणखी अवघड कारण तिची दिशा बघून कळतं की बसणारा कुठे बघत होता, आत्ताच उठून गेलाय की कधीचाच गेलाय. तुझा विषय तुला मिळालेला आहे, तू फक्त त्याला मोजत नव्हतीस.

तर फोनजवळ कागद ठेव, बोलणं संपलं की कोपऱ्यात तारीख टाक, आणि तो कागद फेकू नकोस. जमलं तर मला एवढं कळव की त्या खुर्च्यांना हात असतात की नसतात, आणि त्या सगळ्या एकाच बाजूला तोंड करून असतात का. मला खरंच जाणून घ्यायचंय.